वायरमनची राखण

त्या वर्षी पाऊस उशिरा आला आणि आल्यावर कुठेतरी दुसरीकडे काम असल्यासारखा निघून गेला. आजूबाजूच्या शहाण्या लोकांनी गुरांपुरता चारा पेरला आणि गप्प बसले. सूर्यफूल पेरलं ते एकट्या धाकट्याने. सगळे जे करतात ते आपण करायचं नाही, म्हणजे आपलं भलं होतं, असं त्याचं शेतीबद्दलचं मत होतं. पीक आलंही झकास. पण फुलांनी माना खाली घातल्या, दाणे भरायला लागले, तेव्हा या मतातली खोट दिसली. दूरदूरपर्यंत टोचण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे सगळ्या पाखरांना जेवायला एकच पत्ता उरला होता.

म्हणून थोरली उजाडायच्या आत माळ्यावर असायची. थोरली म्हणजे धाकट्याची वहिनी, घरची मोठी सून. शेताच्या मधोमध चार खांबांवर फळ्या ठोकून माळा केला होता. वर बसायचं, गोफणीत दगड घालायचा, डोक्यावरून दोन फेरे द्यायचे आणि सोडायचा. पोपट आधी एकाला पाठवतात. तो बांधावरच्या झाडावर बसून मान तिरकी करून बघतो, आणि माळ्यावर कोणी पेंगतंय असं दिसलं की मागच्या शे-दीडशेंना हाक देतो. थोरली पेंगत नसे. तिचा उजवा खांदा चौथ्या दिवसापासून वर उचलला जाईना, तेव्हा ती डाव्या हाताने केस विंचरायला शिकली, पण दगड उजव्याच हाताने सुटत राहिले. दाणा टणक होईपर्यंत वीस दिवस काढायचे होते. वीस दिवसांचं काही नाही, ती जाऊबाईला म्हणायची, आपण वीस वर्षं काढलीत.

ही वीस वर्षं तिने ज्याच्याबरोबर काढली, त्याला सगळे वायरमन म्हणत. तो कुठल्या वीज कंपनीत वगैरे नव्हता. विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. मोटारीच्या अंगाला कान लावून डोळे मिटायचा आणि आत काय दुखतंय ते सांगायचा. ते खरं निघायचं. त्या कानासाठी लोक लांबून यायचे, आणि काम झालं की खुशीने बाटली द्यायचे. वायरमन आधी कामानंतर प्यायचा, मग कामात प्यायला लागला, मग कामाआधी. गेल्या वर्षापासून तो कामाऐवजी पीत होता.

घरातल्या प्रत्येकाने यावर आपापल्या परीने उपाय केले होते. सासूबाई शपथा घालायच्या. आईच्या, बायकोच्या, लग्न होऊन गेलेल्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून वायरमनने इतक्या शपथा घेतल्या की शेवटची घ्यायला म्हशीचं डोकं उरलं. ती तेवढी अकरा दिवस टिकली. धाकट्याने अबोला धरला. चार महिने तो भावाशी एक शब्द बोलला नाही. चार महिन्यांनी वायरमनने त्याला विचारलं, तुझा घसा बरा आहे का आता? जाऊबाई बाटल्या शोधून परसाच्या कोपऱ्यात ओतायची. त्या कोपऱ्यात गवत उगवायचं थांबलं, बाकी कशात फरक पडला नाही.

थोरलीचा उपाय सगळ्यांत साधा होता. ती लोकांना सांगायची, ताप आलाय. मोटार बंद पडलेला माणूस दारात आला की वायरमनला ताप असायचा. लेकीच्या सासरचे आले की ताप. पाणी गेलेल्या माणसाला ताप सांगताना तिचा आवाज इतका खरा व्हायचा की तिला स्वतःलाच काळजी वाटायची.

मग फुलं वाकायला लागली त्याच आठवड्यात वायरमन एका विहिरीत पडला. पाण्यात नव्हे. पाण्याच्या वरच्या शेवटच्या पायरीवर अडकला. पुढची पायरी पाण्याखाली होती. लोकांनी बाज उलटी करून, चार कोपऱ्यांना दोर बांधून त्याला वर काढलं. तो बाजेवर मांडी घालून वर आला आणि खाली बघत म्हणाला, मोटारीचा फुटवॉल्व गेलाय. तेही खरं निघालं. लोक हसले. थोरली हसणाऱ्यांच्या मागे उभी होती. तिने त्या रात्रीपासून झोपेत पायऱ्या मोजायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी आपल्या भावाला बोलावून घेतलं.

मामा एका कारखान्याच्या गेटवर बत्तीस वर्षं वॉचमन होते. आत काय बनतं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांच्या पाळीत त्यातलं काही बाहेर गेलं नाही, असं ते अभिमानाने सांगत. ते पेटी, शिट्टी आणि एक जाड पुठ्ठा घेऊन आले. सगळ्यांना ओसरीवर बसवलं. वायरमन आत घोरत होता.

"तुम्ही लोक पिढ्यान्‌पिढ्या पीक राखता," मामा म्हणाले. "पाखराला दाणा खाऊ देत नाही. आणि घरातला एक माणूस तुम्हाला राखता येत नाही?"

दुसऱ्या कुठल्या घरात हे बोलणं हसण्यावारी गेलं असतं. पण या घरात पोर चालायला लागलं की त्याच्या हातात वाजवायला डबा देत. राखण म्हणजे काय ते इथे कोणाला समजावून सांगायला लागत नव्हतं. सगळ्यांच्या माना हलल्या. थोरलीचीही हलली. तिला वाटलं, एवढं सोपं होतं आणि आपल्याला इतकी वर्षं सुचलं नाही.

मामांनी पुठ्ठ्यावर पाळ्या आखल्या. सकाळी मामा, दुपारी थोरली, मग सासूबाई, संध्याकाळी जाऊबाई, रात्री दारात बाज टाकून धाकटा. वायरमनने मागच्या खोलीत राहायचं, बाहेर जायचं तर राखणदाराबरोबर. एक शिट्टी म्हणजे सगळं ठीक. दोन म्हणजे तो परसाकडे गेलाय. तीन शिट्ट्या झाल्या की हातातलं टाकून सगळ्यांनी धावायचं. माळ्यावरची पाळी आधी होती तशीच राहिली, आणि ती करायलाही माणसं हीच.

म्हणजे थोरली उजाडल्यापासून दहापर्यंत पोपटांवर, आणि बारापासून नवऱ्यावर नजर ठेवायची. मधल्या दोन तासांत धुणं, भांडी, म्हैस. पोपट बरे वाटायचे. ते निदान उलटून बोलत नसत.

"अशी काय बघतेस?" वायरमन बाजेवरून विचारायचा. "मी काय फुलावर बसलोय?"

"पोपटाला डबा वाजवला की कळतं," ती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी त्याच्या हातांना कंप सुटला. कपातला चहा बशीत, बशीतला पांघरुणावर. घामाने उशी भिजली, आणि घामाला मोटारीतल्या जळक्या तेलासारखा वास येत होता. तो भिंतीकडे तोंड करून दात आवळायचा. मामा म्हणाले, निघतंय सगळं बाहेर, निघू दे. थोरलीने त्याचे पाय दाबले. पाय तिच्या हातात, नुकत्याच बंद केलेल्या यंत्रासारखे, आपोआप थरथरत होते. तिला त्याची दया आली आणि दया आल्याचा राग आला.

तिसऱ्या दिवशी मात्र कंप थांबला. चौथ्या दिवशी तो मामांबरोबर पत्ते खेळला आणि जिंकला. पाचव्या दिवशी सासूबाईंच्या पाळीत तर शांत झोपला. मामांनी पुठ्ठ्यावर सासूबाईंच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि बाकीच्यांना ऐकवलं की शिका काहीतरी, एवढ्या वयात एकटी सांभाळते. बहीण कोणाची आहे.

थोरलीच्या नाकाला त्याच दिवशी कळलं होतं. मनाला कळायला आणखी दोन दिवस गेले, कारण मनाला माळ्यावरून खाली उतरायलाच वेळ नव्हता. सातव्या दिवशी ती कोठीच्या खोलीत गेली, तेव्हा सासूबाई धान्याच्या कणगीमागे उभ्या राहून बाटलीच्या झाकणात मोजून ओतत होत्या. औषध देतात तसं, डोळ्यांजवळ धरून, एक थेंब इकडेतिकडे न होऊ देता.

थोरली दिसली तरी सासूबाईंनी झाकण लपवलं नाही.

"दोन झाकणं," त्या म्हणाल्या. "जास्त नाही देत. तुम्ही सगळे राखणदार झालात. आई व्हायला कोणी नको का?"

थोरलीला बोलायला बरंच होतं. हे कुठून आणता, किती दिवस आणता, तुमचा मुलगा गेला तरी झाकणाने मोजूनच पाणी पाजणार का. पण पाळी बदलायची वेळ झाली होती. तिने दार लोटून घेतलं. कोणाला सांगितलं नाही. म्हणजे घरात लपवणाऱ्यांमध्ये आता तिचीही नव्याने भर पडली. तापाचं जुनं खातं तिच्याकडे होतंच.

दोन दिवसांनी आरोग्य केंद्राची सिस्टर लहान मुलांना लस द्यायला त्या वाटेने चालली होती. थोरलीने तिला माळ्याखाली थांबवलं. दगड मारत मारतच विचारलं, एखादं औषध मिळेल का, चहात टाकण्यासारखं, चव न येणारं, म्हणजे माणूस आपोआप सोडून देईल असं.

सिस्टर उन्हात डोळे बारीक करून वर बघत होती. म्हणाली, "कोणासाठी? तुमच्या घरात ज्यांना वर्षभर ताप येतो त्यांच्यासाठी का? साथ म्हणावी तर दुसऱ्या कोणाला येत नाही."

थोरलीचा दगड पोपटांऐवजी ओढ्यात पडला.

सिस्टरने मग बरंच सांगितलं. न कळत चहात काही घालायचं नाही. रोज पिणाऱ्याला एकदम तोडून कोंडायचंही नाही. अशाने झटके येतात, माणूस हातचा जातो. कंप सुटला, भ्रम झाला की सरळ केंद्रात आणायचं. डॉक्टर आहेत, त्यासाठी गोळ्या आहेत. पण त्यांनी स्वतः हो म्हणायला हवं. आणि बुधवारी सकाळी केंद्रात घरच्या माणसांची बैठक असते, तिला तुम्ही या.

"मी कशाला? मी कुठे पिते?"

"तुम्ही झोपता का?" सिस्टरने विचारलं. ती पिशवी खांद्यावर टाकून पुढे निघाली.

थोरलीला सिस्टरचा फार राग आला. औषध मागितलं त्याच्यासाठी आणि बाईने वार सांगितला आपल्याला. माणसाच्या पायाला काटा लागावा आणि वैद्याने शेजाऱ्याला लंगडायला सांगावं, तसलं हे. हे तिने जाऊबाईला ऐकवलं. जाऊबाई म्हणाली, ताई, तुम्ही पण लंगडता, खांद्याने.

दहाव्या दिवशी सासूबाईंची बाटली संपली. नवी आणायला बाहेर पडावं तर मामा दारात, आणि मामांना प्रत्येक बाहेर जाणाऱ्याची पिशवी तपासायची बत्तीस वर्षांची सवय. सासूबाईंनी वायरमनला सांगितलं की उद्या बघते. अकराव्या दिवशी सकाळी मामा दाढी करत होते. ते अर्धा गाल उरकून वळले तेव्हा बाजेवर फक्त पांघरूण होतं.

तीन शिट्ट्या झाल्या.

थोरली माळ्यावर होती. शिट्टी ऐकली तेव्हा बांधावरच्या झाडावर एक पोपट मान तिरकी करून बसलेला तिने पाहिला होता. तिने गोफण टाकली आणि ती उतरली. धाकटा विळा टाकून पळाला, जाऊबाई म्हैस अर्धी पिळून सोडून पळाली. मामा अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून रस्त्याला लागले. सासूबाई भट्टीवाल्याच्या घराकडे गेल्या, तो रस्ता त्यांना ठाऊक असल्याचं त्या गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नाही.

थोरलीने विहिरी घेतल्या. कोणी वाटून दिल्या नव्हत्या, तिने घेतल्या. पहिल्या विहिरीच्या काठावर ती पोटावर पालथी पडून वाकली. खाली आकाशाचा तुकडा आणि तिचं स्वतःचं डोकं. दुसऱ्या विहिरीत बेडूक. तिसरीच्या पाण्यावर निळं काहीतरी तरंगत होतं; तिने खडा टाकून हलवलं, तेव्हा ती खताची पिशवी निघाली. चौथी. पाचवी. प्रत्येक काठावर गुडघे टेकून ते सोलले, हाताच्या तळव्यांत खडे रुतले. सहाव्या विहिरीवर वाकताना तिच्या मनात आलं, आता आत काही दिसलंच तर बसायला तरी मिळेल. हा विचार आपल्याच मनात आला हे कळल्यावर ती काठावरच बसली. बराच वेळ उठता आलं नाही.

ऊन तापल्यावर ती घरी आली. पाठोपाठ धाकटा, मग जाऊबाई. मामा साबण वाळून पांढरे झालेले. ओसरीच्या पायरीवर वायरमन बसला होता. डोळे लाल, सदऱ्याची बटणं एकेक घर चुकून लावलेली.

"होता कुठे सगळे?" त्याने विचारलं. "मी मघापासून आलोय. दार सताड उघडं. कुत्रं शिरलं असतं आत. घरात पाच माणसं असून चहाला कोणी नाही, ही काय रीत झाली?"

तो उठायला गेला, खांबाला धरून पुन्हा बसला, आणि भावाकडे बोट करत म्हणाला, "आणि तू. उभं पीक टाकून भटकतोस. माळ्यावर कोण आहे?"

धाकटा पुढे धावला तो भावाचा गळा धरायला. मामांनी त्याला मागून मिठी मारली. जाऊबाई रडायला लागली. थोरली मात्र या सगळ्यांना वळसा घालून शेताकडे चालू लागली, कारण प्रश्न बरोबर होता.

ती बांधावर पोचली तेव्हा पाखरं उडालीसुद्धा नाहीत. तिने ओरडल्यावर उडाली, तीही सावकाश, जेवण झाल्यावर ताटावरून उठावं तशी. ओढ्याकडच्या सगळ्या ओळी गेल्या होत्या. फुलांच्या चकत्या खाली वाकलेल्या तशाच होत्या, पण आत नुसती घरं, दाणे नाहीत. खाली जमिनीवर टरफलांचा थर. तिने एक फूल हातात धरून उलटं केलं, दुसरं केलं. आठ-दहा फुलं अशी उलटी करून बघितली, जणू एखाद्यात कोणीतरी काहीतरी चुकून ठेवलं असेल. मग ती माळ्यावर चढली आणि संध्याकाळपर्यंत उतरली नाही. तिच्या दुपारच्या पाळीची शिट्टी झाली, ती गेली नाही.

दिवेलागणीला ती ओसरीवर आली. वायरमन झोपून उठला होता, त्याचं डोकं दुखत होतं, त्यामुळे तो शुद्धीवर होता. सगळे होते. तिने उभ्यानेच बोलायला सुरुवात केली, आणि आवाज चढवला नाही. मामांना ती म्हणाली की तुम्ही थकलात, उद्यापासून पुठ्ठा नको. रात्री दारात बाज नको. यांना कोणी शोधायचं नाही, कोणी ओढून आणायचं नाही. घरात ताट असेल, ते जेवतील तर जेवतील. शुद्धीत असताना बोलतील तर मी बोलेन, नसताना बोलणार नाही. आजारी पडले तर दवाखान्यात नेऊ, कंप सुटला तरी नेऊ. मेलं तरी चालेल असं मी म्हणत नाहीये, नीट ऐका. पण मी विहिरी बघणार नाही. आणि यापुढे यांना ताप येणार नाही.

मामांना हे शिस्तीच्या विरुद्ध वाटलं आणि त्यांनी तसं सांगितलं. धाकटा म्हणाला, वहिनी बरोबर बोलते. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"नवऱ्याला वाऱ्यावर सोडतेस?"

"वाऱ्यावर नाही आई. त्यांच्या पायांवर." मग ती थोडं थांबली. "आणि तुम्ही पण काय ते ठरवा."

सासूबाई गप्प झाल्या. बाकीच्यांना वाटलं, वयामुळे.

वायरमन हे सगळं, दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय अशा थाटात ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, उद्या सकाळी माझ्याजवळ कोण आहे? कोणी नाही, असं कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं तो आनंद नव्हता. त्याला अपमान झाल्यासारखं वाटलं. अकरा दिवस पाच माणसं ज्याच्याभोवती होती, त्याला एका संध्याकाळीत कवडीमोलाचा केला.

मोकळा सुटल्यावर तो दोन दिवस भरपूर प्यायला. दुसऱ्या दिवशी वाटेतल्या गोठ्याशी आडवा झाला, तेव्हा जाऊबाई उचलायला निघाली. थोरलीने तिला थांबवलं. स्वतः जाऊन तो श्वास घेतोय ना बघितलं, कुशीवर वळवला, डोक्याखाली गोणपाट घातलं आणि परत आली. परत येतानाची पन्नास पावलं ती जमिनीकडे बघत चालली. गोठेवाल्याची बायको दारातून बघत होती.

त्याच दुपारी रोपवाटिकेचा मालक माळ्याखाली आला. त्याची मोटार बंद होती आणि हजारो रोपं पिशव्यांत वाळत होती. त्याने चालता चालताच, उत्तर माहीत असल्यासारखं विचारलं, ताप उतरला का?

थोरलीने गोफण खाली ठेवली. चार शेतं पलीकडे चारा कापणाऱ्या बायका होत्या, वारा त्यांच्याकडे वाहत होता.

"ताप नाही," ती म्हणाली. "प्यायलेत. गोठ्यापाशी पडलेत."

माणूस लाजला तो असा, की जणू त्याचंच काही उघडं पडलं. म्हणाला, वहिनी, चारचौघांत असं कशाला बोलायचं.

"मागच्या महिन्यात मोटार केली तेव्हा तुम्ही त्यांना काय दिलंत?"

त्याने रोपांबद्दल काहीतरी पुटपुटलं आणि निघाला. चारा कापणाऱ्या बायकांचे विळे थांबले होते, ते पुन्हा सुरू झाले. थोरलीचे कान तापले होते, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला खरंच ताप आल्यासारखं वाटत होतं. पण तो संध्याकाळी उतरला.

बातमी वायरमनपर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, तो उन्हं चढल्यावर माळ्याखाली आला. प्यायलेला नव्हता, अजून मिळाली नव्हती. हात एकमेकांत धरून ठेवले होते, तरी हलत होते.

"तू त्याला सांगितलंस."

"हो."

"माझं नाव आहे बाजारात."

"होतं. मी सांभाळत होते ते. माझा खांदा गेला."

तो माळ्याच्या खांबाला टेकून खाली बसला. पोपट आले, तिने दगड सोडला, ते उठले, पुन्हा आले. मग तो म्हणाला की हे हात असे थांबत नाहीत, घेतली की थांबतात, तुला काय कळणार. ती म्हणाली, मला नाही कळत. डॉक्टरला कळतं. उद्या बुधवार आहे, मी जाणार आहे.

"कशाला? मला काही झालेलं नाही."

"मी माझ्यासाठी जातेय."

हे ऐकून त्याने पहिल्यांदा वर मान करून तिच्याकडे नीट बघितलं. मग उठला आणि मळ्यातून वाट काढत निघून गेला. घराकडे की भट्टीकडे, ते माळ्यावरून स्पष्ट दिसत होतं. तिने बघितलं नाही.

बुधवारी माळ्यावर धाकटा चढला, जाऊबाईने डबा घेतला. मामा परत जायची पेटी भरत होते, पण सकाळची एक पाळी करून जातो म्हणाले आणि बांधावर शिट्टी घेऊन उभे राहिले. पहिल्या शिट्टीला पोपट उडाले. तिसरीला त्यांनी मान तिरकी करून मामांकडे बघितलं आणि जेवण चालू ठेवलं.

वायरमन ओसरीवर बाजेवर पडून होता. थोरलीने पायरीवरून त्याला सांगितलं की निघाले. डॉक्टर एकपर्यंत असतात. यायचं तर या, आणायला कोणी येणार नाही. त्याचे डोळे उघडे होते.

केंद्र पाऊण तासाच्या चालीवर. कालव्याच्या कडेने कच्चा रस्ता, मग पूल, मग डांबरी. कालव्याशी आल्यावर तिला मागे पावलं ऐकू आली. जड पावलं, टाच घासत टाकलेली. ती चाल ती अंधारातही ओळखायची. टायरच्या तळव्याची ती चप्पल त्याने स्वतःच शिवून घेतली होती. तिच्या छातीत काहीतरी इतक्या जोराने उडालं की तिने स्वतःला दटावलं. मागे बघायचं नाही. बघितलं की तो सोबत केल्याचा मोबदला मागेल, किंवा वळून जाईल, किंवा दोन्ही. ती चालत राहिली.

पुलापाशी भट्टीकडे फाटा फुटतो. तिथे पावलं थांबली. तीही थांबली असती, पण तिने पायांना तसं करू दिलं नाही, फक्त चाल थोडी हळू केली. एक, दोन, तीन, चार श्वास गेले. मग पावलं पुन्हा सुरू झाली, तिच्याच मागे. थोरलीने ओठ आवळले. रडू आलं तर येऊ दे, तोंड पुढेच आहे.

केंद्राच्या फाटकाशी ती वळली.

मागे सासूबाई होत्या. धापा टाकत, एक हात कमरेवर, पायांत मुलाच्या चपला, दोन बोटं मागे उरलेल्या.

"घाईत हाताला लागल्या त्या घातल्या," त्या म्हणाल्या.

थोरलीला ओरडावंसं वाटलं, आणि फाटकाला डोकं टेकून हसावंसंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. विचारलं, "पुलावर का थांबलात?"

"पाय वळत होते त्या बाजूला. सवयीने." त्यांनी तोंड पुसलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि चेहरा उतरला. "अगं, आता त्याला यावंसं वाटलं तर तो काय घालून येईल?"

"अनवाणी येईल."

"उन्हाचा?"

"उन्हाचा."

आत लांब बाकावर आणखी तीन-चार बायका आणि एक म्हातारा बसले होते, सगळे जमिनीकडे बघत. सिस्टरने दोघींना कडेला जागा दिली आणि विचारलं, पेशंट नाही आला? थोरली काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, अगदी हळू, पण बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"मी द्यायचे त्याला. माझ्या हाताने."

कोणी दचकलं नाही. कोपऱ्यातला म्हातारा सरकून बसला, एवढंच. सिस्टर म्हणाली, बसा, पाणी घ्या, सांगा.

सासूबाई सांगायला लागल्या. मध्येच थांबत होत्या, दाराकडे बघत होत्या. एकटा आहे गं तो, असं दोनदा म्हणाल्या. मग बाहेर फाटक वाजलं आणि व्हरांड्यात कोणाची तरी पावलं आली. सासूबाई अर्ध्या उठल्या. थोरलीने त्यांच्या मांडीवर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. तो हात तिथे दाबून ठेवायला तिला फार जोर लागला, कारण उठायचं तिलाही होतं.